चोखोबांचे दुःख : कबुली की साक्ष?

(एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘गीतांतील विषाद आणि अंतःसंघर्ष’ हा विषय वस्तुतः साहित्यिकाचा. तो एका वकिलाकडे सोपविण्यात आला, याचे तुम्हांस नवल वाटले असेल. वृत्त, अलंकार, रस यांविषयी मी काही सांगू शकणार नाही. मात्र जबानी वाचण्याचे काम मी रोज करतो. साक्षीदार काय म्हणाला, कोणापुढे म्हणाला, कोणाच्या धाकाने म्हणाला, त्याच्या एका वाक्याचा दुसऱ्या वाक्याशी मेळ बसतो काय आणि बसत नसेल तर त्यांतले कोणते खरे मानावे, एवढेच मला पाहता येते. त्याच रीतीने आज आपण चोखामेळा, त्यांची पत्नी सोयराबाई आणि पुत्र कर्ममेळा यांची गीते वाचू.

हीच गीते मी का निवडली, ते प्रथम सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घरांतून देव गेले, आणि देवांबरोबर पुष्कळ ठिकाणी चोखोबांचे अभंगही गेले. जे गेले ते योग्यच गेले, असे मानणारे आजही अनेक आहेत. उष्ट्याची आशा धरणारा, देवळाच्या दारात हात जोडून उभा राहणारा हा माणूस आपला पूर्वज म्हणून सांगण्यास आपल्या तरुणास संकोच वाटतो. तो म्हणतो, ही लाचारी आहे. दुसरीकडे कीर्तनकार तीच गीते हाती घेतो आणि डोळ्यांस पदर लावणाऱ्या श्रोत्यांस सांगतो की, पाहा, केवढी ही नम्रता, केवढी ही शरणागती! एकाला त्या गीतांची लाज वाटते आणि दुसऱ्याला त्यांचे कौतुक वाटते. परंतु त्या गीतांत शरणागती आहे याविषयी दोघांचेही एकमत आहे. माझे म्हणणे असे की, दोघांनीही जबानी पुरती वाचलेली नाही.

प्रथम जबानी देणाराची ओळख करून घेऊ. चोखोबा चौदाव्या शतकातले. ते मंगळवेढ्यास राहत आणि पंढरपूरच्या वारीस जात. नामदेव त्यांचे गुरू. इसवी सन १३३८ मध्ये, म्हणजे शके १२६० साली, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि वेठीस धरलेल्या महारांबरोबर चोखोबाही त्याखाली गाडले गेले, असे परंपरा सांगते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारापुढे त्यांची समाधी बांधली. ज्या दाराच्या आत जिवंतपणी त्यांस पाऊल ठेवता आले नाही, त्या दाराच्या बाहेरच मेल्यावरही त्यांस जागा मिळाली. त्यांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. सोयराबाईंचे त्याहून पुष्कळच कमी आणि कर्ममेळ्यांचे तर तिसाच्याही आत. मेहुणा बंका आणि बहीण निर्मळा यांचेही अभंग आहेत. आजच्या मुद्द्यास त्यांची फारशी गरज नाही.

आता या दस्तऐवजाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. चोखोबांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले, असे वारकरी परंपराच सांगते. म्हणजे जबानी एकाची आणि लेखणी दुसऱ्याची. पुढे ते अभंग फडांतून, टाळकऱ्यांच्या तोंडून, हस्तलिखितांतून फिरत राहिले आणि सकल संतगाथेत छापले गेले. या साऱ्या प्रवासात त्यांवर महारवाड्याची मालकी कधीच नव्हती. तेव्हा ज्या अभंगांत चोखोबा आपले हीनपण मान्य करतात, ते जपले गेले यात आश्चर्य नाही. आश्चर्य आहे ते याचे की, ज्यांत ते मान्य करीत नाहीत तेही जपले गेले. आपल्या अशिलाच्या बाजूचे वाक्य विरुद्ध पक्षाच्या कागदांत सापडले, तर वकील ते अधिक मोलाचे मानतो. त्याच न्यायाने ते अभंग वाचावेत.

चोखोबांच्या जबानीत दोन विधाने आहेत आणि ती परस्परांस छेदतात. एका अभंगात ते आपल्या जन्माचे कारण सांगतात. पूर्वजन्मी आपण नीळ नावाचे होतो, आपल्याकडून कृष्णाची निंदा घडली, म्हणून हा जन्म वाट्यास आला, असा त्याचा आशय. हा झाला कबुलीजबाब. अपराध मान्य, शिक्षा मान्य. कर्मविपाकाच्या सिद्धांतास याहून सोयीची कबुली कोणती हवी?

परंतु दुसऱ्या अभंगात तेच चोखोबा विचारतात की, पाचही भूतांचा विटाळ जर एकच, सगळ्यांचा देह जर त्याच पाच भूतांचा, तर या जगात सोवळा कोण आणि ओवळा कोण? आरंभी विटाळ, अंती विटाळ आणि मध्येही तोच; मग शुद्ध म्हणून वेगळा काढावा असा मनुष्य आहे कोठे? सोयराबाई तर याही पुढे जातात. देह निर्माण होतो तोच मुळी ज्याला तुम्ही विटाळ म्हणता त्यातून. मग त्यावाचून जन्मलेला एक तरी देह दाखवा, असे त्यांचे मागणे. बाळंतपणे सोसलेल्या स्त्रीने हा प्रश्न विचारावा यात मोठे औचित्य आहे. उलटतपासणीत असा प्रश्न एखादाच निघतो. साक्षीदाराने ‘होय’ म्हटले तरी तो हरतो आणि ‘नाही’ म्हटले तरी हरतो.

मग खरे कोणते मानावे? पूर्वजन्मीच्या पापाची कबुली, की शुद्धाशुद्धतेच्या मुळावरच घातलेला हा घाव?

येथे कायद्याचे एक तत्त्व उपयोगी पडते. १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या २४ व्या कलमाने असे ठरविले होते की, अधिकाराच्या जागी असलेल्या व्यक्तीने दाखविलेल्या लालचीने, धाकाने किंवा दिलेल्या वचनाने आरोपीकडून कबुली निघाली असेल, तर ती त्याच्याविरुद्ध ग्राह्य धरू नये. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाच्या जागी जो भारतीय साक्ष अधिनियम अमलात आला, त्यानेही २२ व्या कलमात हे तत्त्व कायम ठेवले आणि त्यात बळजबरीचा वेगळा उल्लेख घातला. या सभेत कोणी वकीलबंधू असतील तर ते हरकत घेतील की, कलमात ऐहिक हानीचा धाक सांगितला आहे, परलोकाचा नव्हे. हरकत योग्य आहे. पण चोखोबांस धाक केवळ परलोकाचा होता काय?

त्यांच्या एका प्रसिद्ध अभंगातच याचे उत्तर आहे. बडव्यांनी मला मारले, माझा अपराध तरी काय, असे ते विठोबास हाक मारून विचारतात. देवाच्या गळ्यातला हार तुझ्या गळ्यात कसा आला, तुझ्यामुळे देव बाटला, असा त्यांवर आरोप होता. आख्यायिका तर अशी की, त्यांस बैलांच्या पायी बांधून ओढण्याची शिक्षा झाली आणि बैल जागचे हलले नाहीत. बैलांचे सोडून द्या. आरोप, निवाडा आणि शिक्षा यांचे काय ते पाहा. फिर्यादी बडवे, न्यायाधीश बडवे आणि चाबूक धरणारेही बडवे. आपल्याच दाव्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे न्यायाचे पहिले सूत्र येथे पायदळी तुडविले गेले आहे. ज्या माणसावर असा प्रसंग गुदरतो, त्याने ‘मी पूर्वजन्मीचा पापी’ असे म्हटले, तर ती कबुली मोकळ्या मनाची मानणारा न्यायाधीश मला तरी ठाऊक नाही.

आणि आता विषादाकडे येतो. माझ्या मते चोखोबांच्या गीतांतले दुःख हाच त्यांच्या कबुलीविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा आहे. विचार करा. आपली शिक्षा न्याय्य आहे, असे ज्याच्या मनाने खरोखर घेतले, तो पश्चात्ताप करील, प्रायश्चित्त घेईल, कदाचित शांतही होईल. तो पुनःपुन्हा विचारणार नाही की, माझी जात हीन, मग तुझी सेवा माझ्या हातून कशी घडावी. सारे मला दूर हो म्हणतात, मग मी भेटू कसा? हा प्रश्न चोखोबा एकदा विचारून थांबत नाहीत. पटला नाही तोच हिशोब माणूस पुनःपुन्हा मांडतो. कर्मसिद्धांताने त्यांच्या ओठांवरची वाक्ये जिंकली असतील. त्यांचे रडणे मात्र त्यास जिंकता आले नाही. साक्ष देताना साक्षीदाराची वर्तणूक कशी होती, हे टिपून ठेवण्याचा अधिकार दिवाणी आणि फौजदारी या दोन्ही संहितांनी न्यायाधीशास दिला आहे, तो उगीच नव्हे. शब्द एक सांगत असतात आणि चर्या दुसरेच.

हीनतेची जाणीव आणि हीनता अमान्य करणारी बुद्धी ही दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी नांदत होती. यालाच मी अंतःसंघर्ष म्हणतो. तो दूरचा आहे असे समजू नका. शाळेत, कचेरीत, नव्या शहरात घर भाड्याने मागताना आडनाव सांगण्यापूर्वी क्षणभर जो थांबतो, त्याच्यात तो आजही चालू असतो.

येथे एका गोष्टीची तुलना करण्याचा मोह आवरत नाही. ‘जोहार’ हा महाराने वरच्या जातीस करावयाचा सक्तीचा नमस्कार. चोखोबांनी जोहाराचे अभंग रचले. पुढे सोळाव्या शतकात एकनाथांनीही महाराचे सोंग घेऊन जोहाराची भारुडे रचली. एकनाथांचा हेतू चांगला होता आणि त्यांचे आचरणही त्यांच्या काळाच्या मानाने धीट होते. परंतु त्यांचा महार गावाला वेदान्त शिकवितो, विकारांची झडती घेतो, तो मोठा ठसकेबाज आहे. चोखोबांच्या जोहारातला महार भुकेला आहे. तो उष्टे मागतो. पैठणच्या वाड्यात बसून कल्पिलेला महार तत्त्वज्ञानी होतो आणि मंगळवेढ्याच्या महारवाड्यातला खरा महार अन्नाची गोष्ट काढतो. कल्पना कितीही सहृदय असली तरी तिला पोटातली भूक नसते. तेव्हा त्या उष्ट्याची लाज वाटून घेण्याचे आपणांस कारण नाही. ज्यांनी ते वाढले त्यांच्याविरुद्धचा तो पुरावा आहे.

आणखी एक गोष्ट. विठ्ठलाच्या रूपाची वर्णने चोखोबांच्या अभंगांत पुष्कळ आहेत आणि ती सुंदर आहेत. परंतु ज्यास गाभाऱ्यात जाता येत नव्हते, त्याने ते रूप पाहिले कोठे? देवाने स्वतः त्यास हात धरून आत नेले, असे कीर्तनकार सांगतील. मी म्हणतो, त्याने ते इतरांच्या तोंडून ऐकले. कायद्याच्या भाषेत हा ऐकीव पुरावा झाला. आयुष्यभर ज्याच्यासाठी गायिले, त्याची केवळ ऐकीव माहिती! त्या वर्णनांतला आनंद वाचताना मला त्यांच्या रडण्याच्या अभंगांहूनही अधिक वाईट वाटते.

परक्या देशातले एक उदाहरण येथे अगदी जवळचे आहे. अमेरिकेतील निग्रो गुलाम शेतांत राबताना गात असत. ते गाणे ऐकून मालक म्हणत की, पाहा, आमचे गुलाम किती सुखी आहेत! स्वतः गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ साली आपले आत्मवृत्त प्रसिद्ध केले. गुलाम सर्वांत अधिक गातात ते सर्वांत अधिक दुःखी असतात तेव्हा, आणि त्यांच्या गाण्यास समाधानाची खूण समजणे याहून मोठी चूक नाही, असे त्यांनी त्यात निक्षून सांगितले. गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्याची साक्ष दक्षिणेतील गुलामी राज्यांच्या न्यायालयांत घेतलीच जात नसे. जे न्यायासनापुढे सांगता येत नव्हते ते गीतांत सांगितले गेले. पुढे १९०३ साली डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी आपल्या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण या दुःखगीतांस वाहिले. याच द्यू बॉइस यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते. संयुक्त राष्ट्रसंघापुढे निग्रोंनी मांडलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागविली होती आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य त्यांनी त्यात नमूद केले होते. आपल्याकडेही महाराची साक्ष कोणत्या गावसभेत घेतली जात होती? देवळाच्या दारात उभे राहून गावे, एवढाच त्यास मार्ग होता.

आता कर्ममेळ्यांकडे वळू. बापाच्या गीतांत जो संघर्ष आत चालतो, तो मुलाच्या गीतांत बाहेर येतो. दुःख तेच, परंतु त्याचे वळण वेगळे. कर्ममेळा देवास विचारतो की, आमची जात हीन केलीस ती तू केलीस. उष्टे खाण्यात आमचा जन्म गेला याची लाज तुला का वाटत नाही? म्हणजे लाज वाटावयाची कोणास, हे त्याने बदलून टाकले. पूर्वजन्मीच्या निळाचा येथे मागमूस नाही. आणि मग तो असा मुद्दा काढतो की, एखादा कसलेला वकीलही थक्क व्हावा. आमच्या घरी येऊन तू दहीभात खाल्लास. आता नाही कसे म्हणतोस? देव चोखोबांच्या घरी जेवला, ही वारकऱ्यांचीच कथा. ती कर्ममेळ्याने उचलली आणि देवावरच उलटविली. इंग्रजी कायद्यात ज्यास एस्टॉपेल म्हणतात ते हेच. आपल्या कृतीने ज्याने दुसऱ्यास एका गोष्टीचा विश्वास दिला, त्यास मागाहून ती गोष्ट नाकारता येत नाही. महाराच्या घरी जेवणारा देव महाराला दाराबाहेर ठेवू शकत नाही. या युक्तिवादास सहाशे वर्षे कोणी उत्तर दिले नाही.

उत्तर अखेर मिळाले ते प्रार्थनेने नव्हे. १ मे १९४७ पासून साने गुरुजींनी उपोषण केले, त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला आणि पंढरपूरचे दार उघडले. बडव्यांचे आणि उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने रद्द झाले. त्यावर ते न्यायालयांत भांडत राहिले आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांचा दावा कायमचा संपला. चोखोबांस मारणारांच्या हक्काची ही शेवटची तारीख. १९४७ मध्ये दार उघडले तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांस आत जाण्याची उत्कंठा उरली नव्हती, कारण १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास वेगळाच रस्ता दाखविला गेला होता. हे लक्षात घेतले म्हणजे बाबासाहेबांची चोखोबांविषयीची भूमिका नीट समजते. चोखोबांचे मंदिर बांधावे असा विचार त्र्यंबकेश्वरी निघाला तेव्हा त्यांनी त्यास पाठिंबा दिला नाही. आणि १९४८ साली ‘अस्पृश्य’ या विषयावरचा आपला इंग्रजी ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. मंदिर नाही, पण ग्रंथाची अर्पणपत्रिका आहे. यात विसंगती नाही. पूजेने साक्षीदार मूर्ती होतो आणि मूर्ती बोलत नाही. ग्रंथाच्या पहिल्या पानावर त्याचे नाव घातले की, पुढील सारा ग्रंथ त्याच्या फिर्यादीचे समर्थन होतो.

काही जण विचारतील, मग आपली आजची गीते आहेत ना? आहेत, आणि ती थोर आहेत. आंबेडकरी जलशांनी आणि वामनदादा कर्डकांनी दुःखाचा पत्ताच बदलला. चोखोबा देवास सांगतात, जलसा समाजास सांगतो. ६ डिसेंबर १९५६ नंतरच्या आपल्या शोकगीतांतही ऐकणारा माणूसच आहे. हा फरक मोठा आहे आणि मी तो कमी लेखीत नाही. परंतु हाक मारण्याची दिशा बदलण्यापूर्वी हाक कोणी तरी मारलेली असावी लागते. गाऱ्हाणे मांडावयाचे, त्यात तर्क घालावयाचा आणि शेवटी स्वतःचे नाव घालावयाचे, हे काम या कुटुंबाने आधी करून ठेवले. सोयराबाईंनी तर नावही आपले घातले नाही; ‘चोख्याची महारी’ एवढीच त्यांची नाममुद्रा. जो शब्द शिवी म्हणून फेकला जात होता, तोच त्यांनी सहीच्या जागी लिहिला.

ज्यांस गाथा उघडावयाची असेल त्यांस माझी सूचना अशी की, क्रम उलटा धरावा. प्रथम कर्ममेळ्यांचे अभंग वाचावेत. ते थोडे आहेत, एका बैठकीत होतात. मग सोयराबाईंचे, विशेषतः विटाळाविषयीचे. त्यानंतर चोखोबांस हात घालावा आणि निळाच्या जन्माचा अभंग अगदी शेवटी वाचावा. आणि वाचणारांनी आपल्या संविधानाचे तेविसावे कलम मूळ इंग्रजीत एकदा अवश्य पाहावे. वेठीस मनाई करताना तेथे इंग्रजी शब्द वापरलेला नाही. ‘बेगार’ हाच शब्द इंग्रजी लिपीत घातलेला आहे. मंगळवेढ्याच्या त्या भिंतीखाली जे गेले, ते याच बेगारीवर होते.